ठशात पान दाबताना होणाऱ्या चुका: शिशाचा गट्टू ओतण्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत

कोल्हापुरी साजाची पाने, म्हणजे त्या हारातली नक्षीदार पदके, घरच्या घरी ठशात (नक्षी कोरलेल्या साच्यात) दाबून पाहणारे बरेच जण माझ्याकडे बिघडलेली पाने घेऊन येतात. कासवाच्या पाठीवरच्या रेघा बोथट उठलेल्या असतात, बेलपान दोन पाकळ्यांच्या बेचक्यात फाटलेले असते किंवा कडी जोडण्यासाठी पान तापवल्यावर त्यात काळी भोके पडलेली असतात. या सर्वांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, चांगला ठसा कोणाकडे मिळेल. मी ठशाकडे सर्वांत शेवटी पाहतो. आधी त्यांचा शिशाचा गट्टू, म्हणजे पत्रा ठशात दाबणारा शिशाचा ठोकळा मागतो, तो पालथा करून त्याचे तोंड पाहतो, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. ठसा नक्षी देतो हे खरे. पण पत्र्याला त्या नक्षीत ढकलून बसवण्याचे काम शिसे करते आणि शिसे जसे असेल तसेच पान उतरते.

पुढील कृती चांदीच्या किंवा तांब्याच्या ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी आणि साधारण १५ मिलिमीटर आकाराच्या पानासाठी लिहिली आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये. पहिली दहा पाने तांब्याच्या पत्र्यावरच काढावीत.

१. जागा आणि सामान

शिशाचे काम स्वयंपाकघरात करू नये. शिशाचा धूर, मळी (वितळताना वर येणारा मळ) आणि बारीक कण शरीरात साठत जातात आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. काम अंगणात किंवा आरपार वारा वाहणाऱ्या पडवीत करावे. शिसे वितळवण्याचे भांडे, पळी आणि सांडशी कायमची वेगळी ठेवावी व ती घासूनही पुन्हा घरात वापरू नयेत. काम चालू असताना खाणे, पाणी पिणे, तंबाखू मळणे पूर्ण बंद ठेवावे. काम संपल्यावर जमीन झाडू नये, कारण झाडल्याने कण हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत.

ऐरण जाड लाकडी ओंडक्यावर घट्ट बसवलेली असावी. फरशीवर किंवा टेबलावर ठेवलेल्या लोखंडी तुकड्यावर काम केल्यास ठोक्याची निम्मी ताकद उसळीत वाया जाते आणि ठसा जागेवरून हलतो. हातोडा अर्धा ते एक किलोचा पुरे. हँडप्रेस असल्यास उत्तमच, मात्र पुढे दिलेले दोष प्रेसवरही तसेच येतात.

२. शिसे निवडणे

शुद्ध शिसे ठोकले तरी कडक होत नाही, कारण त्याचे कण साध्या खोलीच्या तापमानालाच पुन्हा नव्याने जुळतात. एकच गट्टू शेकडो पानांसाठी वापरता येतो तो याच गुणामुळे. अँटिमनी हा धातू मिसळलेले शिसे मात्र कडक असते; ते नक्षीच्या बारीक रेघांत उतरत नाही आणि उंचवट्यावर पत्रा फाडते.

भंगारातून शिसे घेताना जुने पाण्याचे नळ किंवा केबलचे वेष्टण मिळाल्यास घ्यावे. गाडीच्या चाकाला लावतात ती वजने घेऊ नयेत. त्यांत अँटिमनी तरी असते किंवा ती शिशाऐवजी जस्ताची असतात. बॅटरीच्या प्लेटांना हातही लावू नये, कारण त्यांतील क्षार आणि मिश्रधातू तापल्यावर विषारी वायू सोडू शकतात.

तपासणी: अंगठ्याच्या नखाने ओरखडा सहज उठला पाहिजे. तुकडा दगडावर टाकल्यावर धप्प असा बसका आवाज यावा. खणखणीत आवाज आला तर ते शिसे या कामाचे नाही. शिसे हाताळल्यानंतर लगेच हात साबणाने धुवावेत.

३. गट्टू ओतणे

किती शिसे लागेल हे आधी मोजून घ्यावे. १५ मिलिमीटरच्या पानाला २० मिलिमीटर व्यासाचा आणि २५ मिलिमीटर उंचीचा गट्टू योग्य ठरतो. त्याचे घनफळ सुमारे ७.८५ घनसेंटिमीटर भरते आणि शिशाची घनता ११.३४ असल्याने वजन सुमारे ९० ग्रॅम होते. उंची व्यासाच्या दीडपटीहून अधिक ठेवली तर गट्टू ठोक्याखाली वाकतो.

साच्यासाठी आतून गुळगुळीत असलेला लोखंडी पाइपचा तुकडा सपाट लोखंडी पाटीवर उभा करावा. दोन्हींना दिव्याची काजळी धरावी, म्हणजे शिसे चिकटत नाही. त्यानंतर साचा हाताला चांगला चटका बसेल इतका तापवून घ्यावा.

इशारा: साच्यात, पळीवर किंवा भर घालायच्या तुकड्यांवर पाण्याचा एक थेंबही असता कामा नये. वितळलेल्या शिशाखाली सापडलेले पाणी क्षणात वाफ होऊन फुटते आणि शिसे तोंडावर उडते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे भिंतींनाही ओल सुटते, त्या दिवसांत कोरडे दिसणारे लोखंडही आधी तापवल्याशिवाय वापरू नये. चष्मा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि बंद बूट अंगावर असल्याशिवाय भट्टीजवळ जाऊ नये.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ओतताना ते ३५० ते ३८० अंशांच्या दरम्यान असावे. स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर निळी-जांभळी किंवा सोनेरी झाक वेगाने पसरू लागली, तर ते गरजेपेक्षा जास्त तापले आहे असे समजून आच कमी करावी. वरची मळी पळीने बाजूला सारावी आणि एका संथ धारेत, न थांबता ओतावे. गोठताना शिसे आक्रसते, म्हणून वरच्या तोंडाला मध्यभागी खळगा पडतो. खळगा दिसू लागताच त्यात पळीतले थोडे गरम शिसे भरावे.

तपासणी: गार झालेल्या गट्टूच्या अंगावर पदर चढल्यासारख्या आडव्या रेघा असतील, तर शिसे किंवा साचा थंड होता. असा गट्टू परत वितळवावा, कारण ते पदर पुढे दाबाखाली उघडतात आणि पानावर वेड्यावाकड्या रेघा उमटवतात. खळग्याची बाजू नेहमी हातोड्याकडे ठेवावी. पाटीवर टेकलेले गुळगुळीत तोंड ठशाकडे जाईल अशी खूण कानशीने करून ठेवावी.

४. गट्टू ठशात थंड बसवणे

काही कारागीर शिसे थेट ठशातच ओततात. काशाच्या जुन्या ठशाला नीट काजळी धरली असेल तर ते चालते. पोलादी कडक ठशात मात्र मी तसे करू देत नाही, कारण वितळलेल्या शिशाच्या उष्णतेने ठशाचे पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरण्याचा धोका असतो. थंड गट्टू ठोकून बसवणे हीच सुरक्षित रीत आहे, आणि नवशिक्यांच्या सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात.

प्रथम ठसा रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवून पूर्ण कोरडा करावा. कोरांत अडकलेले जुने मेण सुईने नव्हे, तर बांबूच्या काडीने काढावे. त्यावर शंखजिऱ्याची चिमूटभर पूड चोळून फुंकर मारावी. गट्टूभोवती घट्ट बसणारे लोखंडी कडे घालावे, म्हणजे शिसे बाजूला पसरण्याऐवजी खाली उतरते. मग पहिला ठोका अगदी हलका, केवळ गट्टू बसण्यापुरता द्यावा आणि त्यानंतर तीन-चार भारी, सरळ ठोके द्यावेत. वीस-तीस हलके ठोके दिल्याने वरचे तोंड छत्रीसारखे पसरते आणि खालचे तोंड अर्धवटच भरते.

आता गट्टू उचलून तिरप्या उजेडात त्याचे तोंड पाहावे. नक्षी अपुरी उठली असेल तर तिचे कारण त्या जागेच्या रूपावरूनच कळते. उंच टोके मळकट, खडबडीत असतील आणि ओतीव पृष्ठभाग तिथे तसाच शिल्लक असेल, तर शिसे तिथपर्यंत पोचलेच नाही. जोर किंवा शिसे कमी पडले. टोके गुळगुळीत, चकचकीत, पण बसकी असतील आणि दर वेळी त्याच जागी, म्हणजे ठशाच्या सर्वांत खोल भागात बसकी राहत असतील, तर तिथे हवा कोंडली आहे. गुळगुळीत खड्डे दर वेळी वेगळ्या जागी पडत असतील आणि बोटाला ओशट लागत असतील, तर ते तेलाचे आहेत. तेल दाबले जात नाही, त्यामुळे ते जिथे साठते तिथे शिशाला आत शिरूच देत नाही. शंखजिऱ्याऐवजी सढळ हाताने तेल लावणाऱ्यांना हा दोष हमखास भेटतो आणि ते उलट आणखी तेल लावतात.

हवेसाठी उपाय असा की गट्टूचे तोंड सपाट न ठेवता चाकूने थोडे घुमटाकार करावे. मग मधला भाग आधी खोल जागी टेकतो आणि हवा कडेने बाहेर पडते. कड्याच्या फटीतून शिशाची पातळ झालर वर आलेली असेल तर कडे सैल आहे. ती झालर चाकूने कापून टाकावी, कारण दुमडून तोंडाखाली आली तर ती पुढच्या पानात उमटते.

गट्टू एका अंगाला कलला असेल तर हातोडा सरळ पडत नाही असे समजावे. गट्टू ठशात अडकत असेल तर ठशाच्या कोरीव भागाचे तोंड आतल्या पोटापेक्षा अरुंद आहे. त्याला शिशाकडे इलाज नाही; असा ठसा कारागिराकडे नेऊन दुरुस्त करून घ्यावा.

पत्र्याची जाडी सामावण्यासाठी, जिथे नक्षीच्या भिंती उभ्या आहेत तिथे गट्टूच्या अंगावरून चाकू एकदा हलकेच फिरवावा. उथळ पानाला याची गरज नसते. माशाच्या पोटासारख्या खोल नक्षीला हे न केल्यास पत्रा भिंतीशी चिमटला जातो आणि तिथेच चिरतो.

५. पत्रा तयार करणे

पत्रा पानाच्या बाह्यरेषेपेक्षा सर्व बाजूंनी ४ ते ५ मिलिमीटर मोठा कापावा. यापेक्षा लहान तुकडा आत ओढला जाऊन कडेला कमी पडतो. फार मोठा ठेवला तर कडेच्या जादा पत्र्याला सुरकुत्या पडतात. कापलेल्या कडेवरची कूस (कापताना राहिलेली खरखरीत धार) बारीक पॉलिश कागदाने काढावी, कारण फाटण्याची सुरुवात बहुधा त्या कुसेपासूनच होते.

मग पत्रा तापवून मऊ करावा. ९२५ चांदीसाठी (हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी) ६०० ते ६५० अंश पुरेसे असतात. या तापमानाला पत्र्यावर येणारा रंग उन्हात दिसत नाही, म्हणून काम अर्धवट अंधारात करावे. पत्र्यावर फिकट गुलाबी झाक दिसताच ज्योत दूर करावी. लालभडक होईपर्यंत किंवा मिनिटांमागून मिनिटे तापवत राहिल्यास धातूचे कण मोठे होतात आणि दाबल्यावर पान रवाळ दिसते. लाली गेल्यावर पत्रा पाण्यात सोडावा आणि तुरटीच्या गरम पाण्यात काळेपणा जाईपर्यंत ठेवावा. तुरटीच्या पाण्यातून पत्रा काढताना लोखंडी चिमटा बुडवू नये. लोखंडामुळे पाण्यातले तांबे चांदीवर चढून ती गुलाबी दिसू लागते. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून पत्रा पूर्ण कोरडा करावा. ओलसर पत्रा ठशात घातल्यास पोलादी ठसा गंजतो आणि तो गंज पुढच्या प्रत्येक पानावर उमटतो.

तपासणी: मऊ झालेला पत्रा बोटांनी वाकवल्यावर उसळून परत येत नाही. उसळी जाणवली तर पुन्हा तापवावा.

६. दाबणे

ठशाच्या दोन बाजूंना खुणेच्या रेघा ओढाव्यात आणि त्याच रेघा पत्र्याच्या कडेवर सुईने उमटवाव्यात. पत्रा मध्येच काढून पुन्हा बसवावा लागतो, तेव्हा या रेघाच कामाला येतात. पत्रा आणि शिसे यांच्या मध्ये बटर पेपरचा एक पदर ठेवावा. काहीजण चामड्याचा पातळ तुकडा ठेवतात. पहिल्या ठोक्यांना तो चांगला, पण शेवटच्या ठोक्यांना तो बारीक रेघा खातो. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदच ठेवतो आणि प्रत्येक फेरीला तो बदलतो. कागदाने नक्षी किंचित मऊ होते हे मान्य आहे, परंतु शिसे चांदीला न लागणे हा त्यातला फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

पहिल्या फेरीत दोन मध्यम ठोके देऊन पत्रा काढून पाहावा. उथळ पान असेल तर दुसऱ्या फेरीत भारी ठोके देऊन काम पूर्ण होते. खोल पानाला दोन फेऱ्यांच्या मध्ये पत्रा पुन्हा मऊ करावा लागतो. घाई करून एकाच फेरीत तळ गाठण्याचा प्रयत्न करू नये.

७. आचेआधी शिसे उतरवणे

या टप्प्याशिवाय पत्र्याला पुन्हा ज्योत दाखवायची नाही. चांदी ९६१ अंशांना वितळते, पण शिशाशी गाठ पडल्यावर त्या दोघांचे मिश्रण ३०४ अंशांनाच वितळू लागते. म्हणजे पत्रा मऊ करण्याच्या तापमानाच्या निम्म्यावरच पानाला चिकटलेला शिशाचा कण आपल्याभोवतीची चांदी विरघळवत खाली उतरतो. सोन्याला तर अत्यल्प शिसेही ठिसूळ करते. शिकत असताना मी स्वतः एका बैठकीत चांदीची सहा पाने अशी घालवली आहेत. कागद फाटलेला मला दिसला होता, तरी एवढ्याने काय होते असे वाटून मी पाने पुसली आणि तापवली. प्रत्येक पानाच्या पाठीवर, जिथे नक्षीचे टोक सर्वांत उंच होते तिथे, टाचणीच्या डोक्याएवढे काळ्या कडेचे भोक पडले. ती भोके डाग देऊन (सोल्डरने) बुजवता येत नाहीत, कारण तापवू तसे शिसे आणखी पसरत जाते.

पानाची पाठ भिंगातून पाहावी. राखाडी डाग दिसल्यास ते लाकडी काडीने खरवडावे, नंतर साबणाच्या पाण्यात पितळी ब्रशने घासावे. ओलेच घासावे, म्हणजे कण उडत नाहीत. ते पाणी मोरीत न ओतता डबीत साठवावे. शिशासाठी वापरलेला ब्रश आणि कानस चांदीच्या अन्य कामाला लावू नयेत.

तपासणी: पानाची पाठ पांढऱ्या कागदावर दाबून घासावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शिसे अजून शिल्लक आहे.

८. तयार पानावरून दोष ओळखणे

पान फाटले असेल तर आधी चीर कुठे आहे ते पाहावे. चीर नक्षीच्या सर्वांत उंच टोकावर असेल, तर पत्रा पुरेसा मऊ नव्हता किंवा शिसे कडक आहे. चीर दोन पाकळ्यांच्या बेचक्यात असेल, तर पत्र्याला आत सरकायला वाव मिळाला नाही. बेलपानाला हा दोष फार होतो, आणि पहिल्या फेरीचे ठोके हलके केल्यावर तो बहुधा थांबतो. चीर कडेपासून आत आलेली असेल, तर कापताना राहिलेली कूस तिचे कारण आहे. प्रत्येक पानाला एकाच जागी बारीक सरळ काप येत असेल, तेव्हाच ठशाची धार तपासावी.

कडेला सुरकुती दिसल्यास तिच्यावर ठोका देऊ नये. सुरकुती दुमडून सपाट होते, वरून नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि कडी जोडताना त्या घडीतून पान उघडते. पत्रा बाहेर काढून, मऊ करून, लाकडी हातोडीने सुरकुती उलगडावी आणि मगच तो खुणेच्या रेघांवर परत बसवावा.

रेघा दुहेरी उठल्या असतील तर पत्रा दोन फेऱ्यांच्या मध्ये सरकला आहे. खुणेच्या रेघा असूनही असे होत असेल, तर ठसाच ऐरणीवर सरकतो आहे. त्याखाली शिशाची पातळ चकती ठेवल्यास तो जागेवर राहतो.

नक्षी बोथट असल्यास गट्टूच्या तोंडाकडे परत जावे. दर पंधरा-वीस पानांनंतर गट्टू पत्र्याशिवाय पुन्हा ठशात ठोकून त्याचे तोंड ताजे करावे लागते. हे न करता केवळ ठोक्याचा जोर वाढवत नेणे ही मी पाहिलेली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. बोथट गट्टूवर कितीही जोर लावला तरी तो बाजूला पसरतो, कडे सैल होते आणि पुढचे पान आणखी बोथट येते.

पान रवाळ दिसत असल्यास तापवण्याची वेळ कमी करावी. दाबण्याच्या पद्धतीत काही बदलू नये. रवाळ झालेले पान पॉलिशने थोडे सुधारते, पण ०.२० मिलिमीटरच्या पत्र्यात घासायला जागाच फार कमी असते आणि उंच टोके आधी झिजतात.

पान ठशातून निघत नसेल तर सुईने उचकटू नये; सुईचा ओरखडा ठशावर राहिला की तो प्रत्येक पानावर येतो. ठसा पालथा करून लाकडावर हलके आपटावा, किंवा पत्र्याच्या जादा कडेला चिकटपट्टी लावून ती सरळ वर ओढावी.

गट्टूची उंची झिजून आणि पसरून १५ मिलिमीटरच्या खाली आली, की तो पुन्हा वितळवून ओतावा. कापलेल्या झालरी आणि खरवडलेले कण झाकणाच्या डबीत साठवावेत, डबीवर शिसे असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ती मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावी. ब्रशच्या पाण्यातून मिळालेला गाळ त्यात टाकू नये; तो ओला असतो, आणि पुढच्या खेपेला तोच भट्टीवर फुटतो.